दीर्घ आजाराची मुले आणि घरातली जोडलेली उपकरणे : आकडा कोणी पाहावा आणि किती वेळा?

गिरणाकाठ (चाळीसगाव)

नमस्कार मंडळी. माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला टाइप १ मधुमेह आहे. तिच्या दंडावर शुगर मोजणारा सेन्सर लावलेला असतो. त्याचा आकडा माझ्या मोबाइलवर येतो आणि तिथून इंटरनेटमार्फत तिच्या वडिलांना (ते नोकरीनिमित्त सुरतला असतात), माझ्या भावाला आणि मोठ्या दिरांनाही दिसतो. बोटाला दिवसभर सुया टोचाव्या लागत नाहीत, हे सुख फार मोठे आहे आणि ते मी नाकारत नाही.

अडचण वेगळीच आहे. आकडा खाली येऊ लागला की चारही मोबाइल एकदम वाजतात आणि मी साखरेचे पाणी कालवत असतानाच सुरतहून, नाशिकहून आणि मळ्यातून फोन सुरू होतात. ‘दिलं का?’, ‘किती झाली?’, ‘दुपारी काय खाल्लं होतं?’ अशी उत्तरे देण्यातच माझा जीव जातो. सासूबाई तर परवा म्हणाल्या, ‘मशीनकडे काय देखस, पोरना तोंडकडे देख.’ त्यांचे बोलणे मला लागले, पण खोटे वाटले नाही.

ज्यांच्या घरी अशी उपकरणे आहेत, मग आजार कोणताही असो, त्यांना विचारायचे आहे की आकडा किती जणांना दिसू द्यावा, रात्रीचा इशारा चालू ठेवावा का आणि या सगळ्यामुळे तुमची काळजी खरोखर कमी झाली का?

केळीबाग (यावल)

ताई, आमच्याकडे नातवाच्या दम्यासाठी ऑक्सिमीटर आणला आहे. घरातली मोठी माणसे दिवसातून इतक्या वेळा त्यात स्वतःचेच बोट घालून पाहतात की नातवाची पाळी येईपर्यंत सेल संपलेला असतो. केळीचा भावसुद्धा आम्ही इतक्या वेळा पाहत नाही.

बालरोग_धुळे

मी बालरोगतज्ज्ञ आहे, मात्र येथे कोणाच्या मुलाच्या औषधाचे प्रमाण सांगणार नाही. ते आपापल्या डॉक्टरांनाच विचारावे. उपकरण काय मोजते, तेवढे सांगतो, कारण निम्मा गोंधळ तिथेच असतो.

दंडावरचा सेन्सर रक्तातली साखर मोजत नाही. त्वचेखालच्या पेशींभोवती जो द्रव असतो त्यातली साखर तो मोजतो, आणि ती रक्तातल्या साखरेच्या काही मिनिटे मागे असते. साखर स्थिर असताना हा फरक जाणवत नाही. ती भराभर उतरत असेल तर मात्र सेन्सर ८५ दाखवत असताना रक्तात ती ७० च्या खाली, म्हणजे फारच कमी झालेली असू शकते, म्हणून आकड्याइतकेच त्याच्या शेजारच्या, साखर चढते की उतरते ते दाखवणाऱ्या बाणालाही महत्त्व द्यावे. उलटही घडते. मुलाला साखर दिल्यावर रक्तातला आकडा सावरतो, सेन्सर मात्र अजून खालचाच दाखवत राहतो. मग घरचे घाबरून आणखी साखर देतात, कोणी वर बिस्किटे देते आणि तासाभरात आकडा २८० वर जातो. साखर दिल्यानंतर दहा-पंधरा मिनिटांनी बोटाचीच तपासणी करावी, असे आम्ही सांगतो ते याचसाठी. साखर किती द्यायची हे वजनावर ठरते. साधारण ३० किलोच्या मुलाला ९ ते १० ग्रॅम, म्हणजे सपाट भरलेले दोन चहाचे चमचे पुरतात. मूल शुद्धीत असेल आणि गिळू शकत असेल तरच तोंडाने द्यावे.

रात्रीच्या इशाऱ्यांविषयी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. मूल सेन्सरच्याच कुशीवर झोपले की तिथला द्रव दाबला जातो आणि आकडा खोटाच खाली जातो.

गिरणाकाठ

डॉक्टरसाहेब, अगदी हेच गेल्या आठवड्यात झाले. रात्री दोनच्या सुमारास मोबाइल ५८ दाखवत होता. मुलगी डाव्या दंडावर गाढ झोपली होती, अंगाला घाम नव्हता, हातही गरम होते. तिला कूस बदलायला लावून बोट टोचले तर ११२ आली. एवढ्यात तिकडे सुरतला तिचे वडील बॅग भरायला लागले होते.

स्पष्टवक्ता (अमळनेर)

मला थोडे कटू बोलायचे आहे. या उपकरणांनी आजार बरा होत नाही, आई-बाप मात्र चोवीस तासांचे पहारेकरी होतात. एक सेन्सर साधारण दोन आठवडे चालतो, म्हणजे महिन्याला दोन लागतात आणि त्यांचा खर्च कित्येक हजारांत जातो. आपल्याकडे कापसाचे पैसे वर्षातून एकदा हाती येतात. अशा घराने सेन्सरसाठी कर्ज काढावे की त्याच पैशात इन्सुलिन आणि साखर तपासायच्या पट्ट्या कधी कमी पडू देऊ नयेत? माझ्या पुतण्याचे सगळे बालपण बोटाची तपासणी आणि एक वही यांवर गेले. आज तो शिकून नोकरीला लागला आहे.

भुसावळ_जंक्शन

स्पष्टवक्ता काका, आपला पुतण्या मोठा झाला तशीच मीही झाले आहे, म्हणून या धाग्यावर लिहिण्याचा थोडा हक्क माझाही आहे. मला सातवीत टाइप १ मधुमेह निघाला, आता मी महाविद्यालयात आहे. सुरुवातीची वर्षे वहीची होती, नंतर सेन्सर आला. दोन्हींची तुलना मी करू शकते.

वहीच्या काळात रात्री साखर उतरेल या भीतीने आई मला झोपताना दूध-पोळी जास्तच खाऊ घालायची आणि सकाळी आकडा हमखास वर असायचा. सेन्सर आल्यावर रात्रभराची रेघ डोळ्यांसमोर आली, डॉक्टरांनी रात्रीचे इन्सुलिन बदलले आणि ती जबरदस्तीची पोळी थांबली. हा फायदा वहीतून कधीच मिळाला नसता, कारण झोपेतले आकडे वहीत लिहिणार कोण?

मात्र सेन्सर आला आणि माझे काही खासगी उरले नाही, हेही तितकेच खरे आहे. मैत्रिणीच्या वाढदिवसाला केक खाल्ला की तो पोटात उतरण्याआधी काकांचा फोन यायचा. घरी आल्यावर ‘पेपर कसा गेला?’ असे कोणी विचारत नसे. ‘आकडा किती?’ एवढेच विचारत. मी चिडले म्हणूनही लोक मोबाइल पाहायचे, जणू माझा राग हा माझा नसून साखरेचा आहे. शेवटी दहावीत असताना मी वडिलांना सांगितले की पाहा, पण ७० च्या खाली किंवा बराच वेळ २५० च्या वर असल्याशिवाय त्यावर बोलू नका. त्यांनी ते पाळले. ताई, तुमची मुलगी लहान आहे, पण आकडा कोणाकोणाला दाखवायचा हे तिला एकदा विचारा. नऊ वर्षांच्या मुलीला यातले पुष्कळ कळते.

तापीचे_पाणी (जळगाव, सध्या पुणे)

तांत्रिक बाजू थोडी मांडतो, कारण भारनियमन आणि नेटवर्क ही आपल्याकडची नेहमीची दुखणी आहेत. सेन्सर ते जवळचा मोबाइल हा संबंध ब्लूटूथचा असतो, त्यासाठी इंटरनेट लागत नाही. नेट गेले तरी त्याच खोलीतला मोबाइल इशारा देतो. सुरतच्या मोबाइलवर आकडा जाण्यासाठी मात्र दोन्ही टोकांना इंटरनेट हवे. म्हणून दूरच्या माणसाला आकडा दिसला नाही तर ‘मुलीला काहीतरी झाले’ असा अर्थ काढू नये. बहुतेक वेळा टॉवरला काहीतरी झालेले असते. मोबाइल ओसरीवर आणि मूल मागच्या अंगणात असेल तर ब्लूटूथ पोहोचत नाही, हे लक्षात असू द्यावे. पाच-सहा मीटर अंतर धरून चालावे, मातीच्या जाड भिंती असतील तर त्याहून कमी. बॅटरी वाचवण्याची सोय चालू असली की काही मोबाइल हे ॲप परस्पर झोपवून टाकतात, ती सोय या ॲपपुरती बंद करावी.

मुलाचा आकडा दुरून पाहण्याची धडपडही मूळची आई-बापांचीच आहे. अमेरिकेत २०१३ च्या सुमारास एका अभियंता वडिलांनी आपल्या लहान मुलाच्या सेन्सरचा आकडा कामावर बसून दिसावा म्हणून स्वतः प्रोग्रॅम लिहिला. त्यात इतर पालकांनी भर घातली आणि त्यातून ‘नाइटस्काउट’ हा सर्वांसाठी खुला प्रकल्प उभा राहिला. कंपन्यांच्या सोयी त्यानंतर सुधारत गेल्या.

स्पष्टवक्ता (अमळनेर)

आणि ही सगळी माहिती जाते कुठे? मुलीच्या रक्ताचा हिशेब परदेशातल्या कोणत्या यंत्रात साठतो, हे कोणी विचारले आहे का? उद्या विमा कंपनीच्या हाती ती पडली तर?

तापीचे_पाणी

प्रश्न रास्त आहे. आपल्याकडे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आहे आणि त्यात १८ वर्षांखालील प्रत्येक व्यक्ती मूल धरली आहे. मुलाची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची पडताळता येईल अशी संमती घ्यावी, मुलांचा माग काढू नये आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवू नयेत, असे त्यात म्हटले आहे. आरोग्यसेवेसाठी काही सवलती आहेत. मुलांसंबंधीच्या तरतुदी मोडल्यास २०० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण कायदा असला तरी आपण आपल्या हाताने कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर मुलीच्या आलेखाचे फोटो टाकतो, त्याला कोणता कायदा आवरणार?

नर्मदेकडची (धडगाव)

मी सातपुड्यात आरोग्य विभागात काम करते. इथली परिस्थिती वरच्या चर्चेहून फार वेगळी आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आमच्याकडे भिल्ल आणि पावरा समाजातल्या मुलांत सिकलसेलचा (तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याचा आनुवंशिक) आजार मोठ्या प्रमाणावर आढळतो. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले, त्यात ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी चालते आणि २०४७ चे उद्दिष्ट धरले आहे. या मुलांच्या घरी सेन्सर नसतो, बहुतेकदा चांगले नेटवर्कही नसते. तरीही दोन स्वस्त उपकरणांनी जीव वाचू शकतो. एक साधा थर्मामीटर आणि दुसरी आईच्या हाताची बोटे. सिकलसेलच्या मुलाला १०१ अंश फॅरेनहाइटच्या वर ताप आला तर ती तातडीची वेळ समजायची, कारण या मुलांची पांथरी (प्लीहा, जंतूंशी लढणारा पोटातला अवयव) नीट काम करत नसते आणि साधा वाटणारा जंतुसंसर्ग काही तासांत अंगभर पसरू शकतो. पांथरी अचानक वाढली आहे का, हे डाव्या बरगडीखाली हात लावून कसे पाहायचे, ते आम्ही आईला शिकवतो. ते कोणतेही ॲप सांगत नाही.

ऑक्सिमीटरबद्दल सावधानतेने लिहिते. अमेरिकेत २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात असे आढळले की रक्तातला ऑक्सिजन प्रत्यक्षात कमी असूनही बोटावरचे यंत्र ठीक आकडा दाखवते, हे गोऱ्या रुग्णांपेक्षा कृष्णवर्णीय रुग्णांत सुमारे तिप्पट वेळा घडले. सिकलसेलमध्ये यंत्राच्या वाचनात आणखी फरक पडतो. म्हणून मूल धापा टाकत असेल, छातीत दुखत असेल तर ‘९६ आहे, काही नाही’ असे म्हणून त्याला घरी ठेवू नये. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची एचबीए१सी तपासणीही सिकलसेलच्या रुग्णात भरवशाची नसते, कारण त्यांच्या तांबड्या पेशी लवकर मरतात. एखाद्या मुलाला मधुमेह आणि सिकलसेल असे दोन्ही आजार असतील तर सेन्सर हा शौक राहत नाही, गरज ठरते. स्पष्टवक्ता काकांनी हेही लक्षात घ्यावे.

शहाद्याची_आई

माझ्या मुलाला नेफ्रोटिक सिंड्रोम आहे, म्हणजे मूत्रपिंडातून प्रथिने वाहून जातात आणि अंगावर सूज येते. आमचे ‘उपकरण’ म्हणजे लघवीत बुडवायची पट्टी. सकाळच्या पहिल्या लघवीत सलग तीन दिवस प्रथिने ३+ किंवा त्याहून जास्त आले तर आजार उलटला असे धरतात. ते वहीत लिहायचे आणि पट्टीचा फोटो डॉक्टरांना पाठवायचा, बस्स. ब्लूटूथचे रक्तदाब यंत्रही नंतर घेतले, पण त्यासोबत मोठ्या माणसाचा पट्टा आला. मुलाच्या बारीक दंडाला तो सैल बसतो आणि रक्तदाब असतो त्याहून कमी दाखवतो. डॉक्टरांनी मुलाच्या मापाचा पट्टा वेगळा मागवायला लावला, तेव्हा खरा आकडा कळला. यंत्र मोबाइलला जोडलेले असले म्हणून चुकीचा आकडा बरोबर होत नाही, तो फक्त अधिक लवकर सगळीकडे पोहोचतो.

केळीबाग (यावल)

शहाद्याच्या ताईंचे शेवटचे वाक्य आमच्या ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहायला हवे.

बालरोग_धुळे

शहाद्याच्या ताईंनी मांडलेला मुद्दा मोलाचा आहे. पट्ट्यातल्या फुग्याची लांबी दंडाच्या घेराच्या किमान ८० टक्के भरावी, असा नियम आहे.

घरातली उपकरणे कुठे खरोखर उपयोगी पडतात, याचे एक जुने उदाहरण देतो. हृदयाचा रक्त ढकलणारा एकच कप्पा नीट काम करणारी बाळे दोन शस्त्रक्रियांच्या मधल्या काळात घरी असताना दगावण्याचे प्रमाण मोठे असे. २००० मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिन येथील बालरुग्णालयाने अशा बाळांच्या घरी वजनकाटा आणि ऑक्सिमीटर दिला. ऑक्सिजन ७० टक्क्यांच्या खाली गेला किंवा वजन ठरलेल्या प्रमाणात वाढले नाही तर लगेच कळवायचे, असे आधीच ठरवून दिले. त्या काळातले मृत्यू ठळकपणे घटले आणि पुढे ही पद्धत अनेक ठिकाणी गेली. त्यातली यंत्रे अगदी साधी होती. मात्र कोणत्या आकड्याला कोणी काय करायचे हे आधी ठरलेले होते आणि पलीकडे फोन उचलणारी परिचारिका होती. आपल्याकडे यंत्र विकत मिळते, पलीकडचे माणूस मिळत नाही. माझ्याकडेही पालक रात्री आलेख पाठवतात आणि मी ते सकाळी पाहतो, हे मी त्यांना पहिल्याच भेटीत सांगतो, म्हणजे कोणी पाहत आहे या भ्रमात ते राहत नाहीत.

शिरपूरचे_गुरुजी

शाळेची बाजू कोणी मांडली नाही म्हणून लिहितो. वर्गात मोबाइलला बंदी असते आणि सेन्सरला मोबाइल लागतो, हा पेच माझ्यासमोर आलेला आहे. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने २०२३ मध्ये टाइप १ मधुमेहाच्या मुलांसाठी शाळांना सूचना सुचवल्या. मुलाला साखर तपासू द्यावी, इन्सुलिन घेऊ द्यावे, मधल्या वेळी खाऊ द्यावे आणि परीक्षेत सेन्सरसाठी मोबाइल लागत असेल तर तो शिक्षकांजवळ ठेवावा, असा त्यांचा आशय आहे. आमच्या शाळेत मुख्याध्यापकांना हे दाखवल्यावर मोबाइल माझ्या टेबलावर ठेवायचे ठरले. इशारा वाजला की बाकीची मुले ‘गुरुजी, गणेशची शुगर!’ असे एका सुरात ओरडतात (नाव बदलले आहे). सुरुवातीला तो लाजायचा, आता गणिताच्या तासाला इशारा वाजावा अशी त्याची प्रार्थना असते.

फोन मात्र फार येतात. दर तासाला वडिलांनी विचारले तर मी शिकवू कधी? आम्ही ठरवले की मी फक्त इशारा वाजल्यावर आणि साखर दिल्यावर एक ओळ पाठवीन.

कानबाईची_भक्त (पारोळा)

विषय थोडा बदलते. ऊन! आपल्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ ला जातो, तेव्हा सेन्सर घामाने सुटतो आणि इन्सुलिनचे काय करावे कळत नाही. एकदा सेन्सरचे पार्सल पोहोचवणाऱ्याने ते दुपारभर गाडीच्या टपावर ठेवले होते. तो सेन्सर लावल्यापासून वेडेवाकडे आकडे देत होता.

नर्मदेकडची (धडगाव)

न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवावे, पण बर्फाच्या कप्प्यात कधीही ठेवू नये, गोठलेले इन्सुलिन फेकून द्यावे लागते. वापरातली कुपी साधारण चार आठवडे ३० अंशांखाली चालते. फ्रीज नसेल किंवा वीज जात असेल तर एका मोठ्या मातीच्या मडक्यात लहान मडके ठेवून मधल्या जागेत ओली वाळू भरावी आणि सावलीत, वाऱ्यावर ठेवावे. आमच्या पाड्यांवर हीच रीत आहे. सेन्सर लावण्यापूर्वी दंड साबणाने धुऊन पूर्ण कोरडा करावा, तेल अजिबात नको. लावल्यावर वरून वेगळी चिकटपट्टी लावली तर तो टिकतो, फक्त मधले छिद्र झाकू नये.

केळीबाग (यावल)

आमच्या भागात शुगर उतरली की आधी केळे पुढे करतात. ते चालते का?

बालरोग_धुळे

उतरलेली साखर सावरायला केळे संथ आहे. आधी साखरेचे पाणी किंवा ग्लुकोज द्यावे, आकडा सावरला आणि जेवणाला वेळ असेल तर मग केळे. रावेर-यावलच्या मंडळींनी राग मानू नये.

गिरणाकाठ

सर्वांचे आभार. भुसावळच्या ताईंचा प्रतिसाद मी मुलीला वाचून दाखवला आणि मग तिलाच विचारले. ती म्हणाली, आई आणि पप्पा दोघांनीच पाहावे, मामांनी नको, कारण मामा चॉकलेटचे ओळखतात. भाऊ आणि दीर यांचा प्रवेश काढला आहे. भाऊ थोडा रुसला आहे, रक्षाबंधनापर्यंत निघेल. तिच्या वडिलांशी असे ठरले की इशारा आल्यावर त्यांनी वीस मिनिटे फोन करायचा नाही. तेवढ्यात मी ‘दिले’ असा एक शब्द पाठवीन, आणि तो आला नाही तर त्यांनी आधी शेजारच्या काकूंना फोन करायचा. रात्रीचा खालचा (साखर उतरल्याचा) इशारा चालू ठेवला आहे, वरचा (वाढल्याचा) बंद करायचा विचार आहे.

स्पष्टवक्ता काकांना सांगायचे म्हणजे आम्हालाही वर्षभर सेन्सर परवडत नाही. डॉक्टरांना दाखवण्याच्या आधीचे दोन आठवडे आणि परीक्षेच्या काळात लावतो, एरवी बोट आणि वही.

स्पष्टवक्ता (अमळनेर)

असे असेल तर माझी हरकत नाही. वही ठेवली हे वाचून बरे वाटले.

बालरोग_धुळे

ताई, रात्रीचा वरचा इशारा परस्पर बंद करू नका. ताप किंवा उलट्या असताना साखर वाढत जाणे धोक्याचे असते, म्हणून दोन आठवड्यांचा आलेख तुमच्या डॉक्टरांना दाखवा आणि त्यांच्याकडून आकडा ठरवून घ्या. तसेच दिवसभर आकडा ७० ते १८० मध्येच हवा असा आग्रह धरू नका. ७० टक्क्यांहून अधिक वेळ, म्हणजे दिवसातले सुमारे १७ तास त्या मर्यादेत असेल तर बहुतेक मुलांसाठी ते उत्तम समजतात. उरलेल्या सात तासांसाठी घरात कोणी कोणाला जाब विचारू नये.

गिरणाकाठ

सतरा तास हे मला माहीत नव्हते. श्रावणात आमच्याकडे कानबाई (आमची खानदेशातली देवी) बसते, जागरण असते आणि रोटाचे, म्हणजे प्रसादाचे, जेवण उशिरा होते. त्या रात्रीचे इन्सुलिन आणि इशारे यांबद्दल आधीच विचारून ठेवते. कोणाच्या घरी असा अनुभव असेल तर जरूर लिहा.

कानबाईची_भक्त (पारोळा)

आमच्या भाचीचा आहे. जागरणात तिचा मोबाइल गाण्यांच्या आवाजात ऐकूच येत नव्हता, म्हणून तो तिच्या आत्याच्या हातात दिला आणि थरथरण्याची सोय चालू ठेवली. साखरेची पुडी आत्याच्या कमरेच्या बटव्यात होती. रोट गव्हाचे असतात, त्यामुळे किती खाणार ते जेवायला बसण्याआधीच मुलीला विचारून घ्या. पंगतीत आग्रह करणाऱ्या बायांना कोणी आवरू शकत नाही.